बोन मॅरो ट्रान्सप्लांट आणि जीन थेरपी : पेशी देणं सोपं, जागा करणं अवघड

ट्रान्सप्लांट म्हटलं की ऑपरेशन थिएटर, टाके, तासन्‌तास चालणारी शस्त्रक्रिया डोळ्यांपुढे येते. बोन मॅरो ट्रान्सप्लांटमध्ये पेशंटच्या बाजूने यातलं काहीच नसतं. तो आपल्या खोलीत, आपल्या खाटेवर असतो. छातीजवळच्या सेंट्रल लाइनला (मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीला) एक पिशवी जोडतात. दिसायला ती रक्ताच्या पिशवीसारखीच, जराशी गढूळ आणि लालसर. तासाभरात ती रिकामी होते. बाहेर थांबलेले नातेवाईक विचारतात, "एवढंच?" त्या दिवसापुरतं खरोखरच एवढंच असतं. कस लागतो तो त्याआधीच्या आठवड्यात आणि त्यानंतरच्या वर्षात.

असं का, हे कळायला आधी त्या पिशवीतल्या पेशींची ओळख करून घ्यावी लागते.

रक्तातल्या पेशी अल्पायुषी असतात. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, प्लेटलेट ७ ते १० दिवस, आणि जंतूंशी सर्वात आधी भिडणारी न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी रक्तात जेमतेम दिवसभर टिकते. म्हणजे रक्त सतत नव्याने बनवत राहावं लागतं. निरोगी प्रौढ माणसाचं शरीर दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार करतं. हे काम चालतं हाडांच्या पोकळीतल्या लाल मगजात, म्हणजे बोन मॅरोत. मोठ्या माणसात हा लाल मॅरो कमरेचं हाड, मणके, छातीचं मधलं हाड, बरगड्या, कवटी आणि मांडी-दंडाच्या हाडांची वरची टोकं एवढ्याच ठिकाणी उरलेला असतो.

या सगळ्या उत्पादनाच्या मुळाशी ज्या पेशी असतात त्या रक्ताच्या स्टेम सेल, म्हणजे मूळपेशी. त्यांच्याकडे दोन गुण एकत्र असतात. एक, त्या स्वतःसारखीच आणखी एक मूळपेशी तयार करू शकतात. दोन, त्यांच्यापासून तांबड्या पेशी, प्लेटलेट आणि सगळ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी तयार होऊ शकतात. संख्येने त्या फार थोड्या. प्रौढ माणसात प्रत्यक्ष रक्त बनवण्यात गुंतलेल्या मूळपेशी ५० हजार ते २ लाखांच्या दरम्यान असाव्यात असा अंदाज आहे. सगळी गर्दी असते ती त्यांच्या लेकी-नातींची.

अशी एकच पेशी वेगवेगळ्या प्रकारचं रक्त बनवू शकते, हा पुरावा टोरांटोत मिळाला. जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकलक यांनी उंदरांना मारक प्रमाणात किरणं दिली आणि मग दुसऱ्या उंदरांचा मॅरो शिरेतून सोडला. काही दिवसांनी त्या उंदरांच्या प्लीहेवर वेगवेगळ्या रक्तपेशींच्या छोट्या गाठी दिसल्या. १९६१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं, आणि १९६३ मध्ये अँडी बेकर यांच्यासोबत दाखवून दिलं की प्रत्येक गाठ एकाच पेशीपासून वाढली आहे.

मूळपेशींची एक सवय पुढच्या सगळ्या गोष्टींसाठी फार महत्त्वाची आहे : त्या बहुतेक वेळ झोपलेल्या असतात. क्वचितच विभागतात. नेहमीची केमो मुख्यतः विभागत असलेल्या पेशींना मारते, त्यामुळे केमोनंतर काउंट (रक्तातल्या पेशींचे आकडे) खाली येतात आणि दोन-तीन आठवड्यांत परत वर चढतात. झोपलेल्या मूळपेशी वाचलेल्या असतात, त्या जाग्या होऊन कारखाना पुन्हा सुरू करतात. पण ब्युसल्फान, मोठ्या डोसमधलं मेल्फालान किंवा सर्वांगाला दिलेली किरणं झोपलेल्या पेशींनाही सोडत नाहीत. त्यानंतर काउंट आपोआप वर येत नाहीत. म्हणून ही औषधं द्यायची तर बाहेरून मूळपेशी द्याव्याच लागतात.

पेशींना पत्ता कोण सांगतं?

पेशी हाताच्या किंवा छातीच्या शिरेतून दिल्या तर त्या कमरेच्या हाडात कशा पोचतात, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाला पडतो. मॅरोतल्या आधार देणाऱ्या पेशी सीएक्ससीएल-१२ नावाचं एक प्रथिन सोडत असतात. मूळपेशींच्या अंगावर ते ओळखणारा रिसेप्टर असतो, सीएक्ससीआर-४. रक्तातून फिरता फिरता मूळपेशी मॅरोतल्या बारीक रक्तवाहिन्यांपाशी आली की हे प्रथिन तिला जाणवतं, ती रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटते, भिंतीतून आत शिरते आणि आपल्या कोनाड्यात जाऊन बसते. हाडाला सुई न लावता ट्रान्सप्लांट जमतं ते या ओढीमुळे.

हीच ओढ उलटी वापरून दात्याच्या पेशी गोळा करतात. जी-सीएसएफ या पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या औषधाचं इंजेक्शन दिलं की मॅरोतली ही पकड सैल होते आणि मूळपेशी रक्तात उतरतात. प्लेरिक्साफोर हे औषध तर थेट सीएक्ससीआर-४ वर बसून त्याची वाट अडवतं, आणि पेशी काही तासांतच बाहेर पडतात.

स्वतःच्या पेशी की दुसऱ्याच्या?

'बोन मॅरो ट्रान्सप्लांट' हे एकच नाव दोन अगदी वेगळ्या उपचारांना वापरलं जातं आणि त्यातून घरच्यांचा खूप गोंधळ होतो.

ऑटोलोगस प्रकारात पेशंटच्या स्वतःच्याच पेशी आधी काढून गोठवून ठेवतात, मग मोठा डोस देतात आणि पेशी परत करतात. इथे आजाराशी लढतं ते औषध. पेशी फक्त त्या औषधाने उद्ध्वस्त झालेला मॅरो सावरतात. मल्टिपल मायलोमा या मॅरोच्या कॅन्सरात दर चौरस मीटर शरीरपृष्ठामागे २०० मिलिग्रॅम मेल्फालान देतात (वय जास्त असेल किंवा किडनी कमजोर असेल तर १४०), आणि साधारण एक-दोन दिवसांनी पेशी. या औषधाने तोंड सोलून निघतं. ते टाळायचा उपाय विश्वास बसू नये इतका साधा आहे : औषध चालू असताना आणि त्याच्या आगेमागे तोंडात सतत बर्फाचे तुकडे ठेवायचे. थंडीने तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, तिथे औषध कमी पोचतं. कंटाळून मध्येच बर्फ थांबवला तर पुढचे दहा दिवस पाण्याचा घोटही जड जातो. हा बर्फ औषधाइतकाच मनापासून घ्यावा.

ॲलोजेनिक प्रकारात पेशी दुसऱ्या माणसाच्या असतात. इथे पेशंटचं रक्तच नव्हे, त्याची पूर्ण प्रतिकारशक्तीच बदलते. दात्याचा रक्तगट वेगळा असला तरी चालतं. लाल पेशी आणि प्लाझ्मा यांची काळजी घेऊन पेशी देता येतात, आणि काही महिन्यांत पेशंटचा रक्तगट दात्याचा होतो. जुळावं लागतं ते एचएलए.

एचएलए म्हणजे पेशींच्या पृष्ठभागावरची ओळखपत्रं. त्यांची जनुकं सहाव्या क्रोमोसोमवर जवळजवळ असतात, त्यामुळे आईकडून एक संच आणि वडिलांकडून एक संच असा अख्खाच वारसा मिळतो. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता त्यामुळे चारात एक. दोन भावंडं असतील तर निदान एक जुळण्याची शक्यता ४४ टक्के, तीन असतील तर ५८ टक्के. आई-वडील, मुलं निम्मी जुळतात. नात्याबाहेरच्या दात्यासाठी ए, बी, सी, डीआरबी-१ आणि डीक्यूबी-१ या पाच जागांवरच्या दोन-दोन, म्हणजे दहा खुणा तपासतात. 'दहापैकी दहा' हा शब्दप्रयोग तिथूनच येतो. दात्यांची पहिली मोठी नोंदवही १९७४ साली लंडनमध्ये सुरू झाली आणि आज जगभरच्या नोंदवह्यांत मिळून ४ कोटींहून जास्त लोक आहेत. तरीही ज्यांच्या समाजातले दाते या यादीत थोडे आहेत, त्यांना जोड सापडत नाही.

इथे एका जुन्या औषधाने मोठं काम केलं. निम्म्या जुळणाऱ्या, म्हणजे हॅप्लो दात्याच्या पेशी दिल्या की पहिल्या दोन-तीन दिवसांत दात्याच्या ज्या टी पेशी (परकं ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) पेशंटच्या शरीरावर चिडतात, त्या भराभर विभागू लागतात. नेमक्या तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी दर किलोमागे ५० मिलिग्रॅम सायक्लोफॉस्फामाइड दिलं की या चिडलेल्या पेशी मरतात. मूळपेशी वाचतात, कारण त्यांच्यात अल्डिहाइड डिहायड्रोजिनेज हे एन्झाइम भरपूर असतं आणि ते औषधाचा विखार काढून टाकतं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ही पद्धत घडली. त्यामुळे ज्याला आई, वडील, मूल किंवा निम्मं जुळणारं भावंड आहे, त्याला बहुधा दाता मिळतोच.

दात्याच्या बाजूने

आज बहुतेक वेळा पेशी रक्तातूनच गोळा करतात. दात्याला दर किलोमागे १० मायक्रोग्रॅम जी-सीएसएफ रोज, चार ते पाच दिवस त्वचेखाली टोचतात. कंबर, पाठ, मांड्या ठणकतात. पॅरासिटामॉलने बहुधा भागतं आणि शेवटच्या इंजेक्शननंतर दोन-चार दिवसांत दुखणं जातं. पाचव्या दिवशी ॲफेरेसिस मशिन. एका हातातून रक्त मशिनमध्ये जातं, गरगर फिरवून हव्या त्या पेशी वेगळ्या होतात, बाकी रक्त दुसऱ्या हातातून परत. चार ते सहा तास लागतात आणि तेवढ्या वेळात शरीरातलं सगळं रक्त दोन-तीनदा मशिनमधून फिरून येतं.

मशिनमध्ये रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट घालतात. ते रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ लागतात. हे लगेच सांगायचं असतं. वेग कमी करून कॅल्शियम दिलं की थांबतं. न सांगता सोसत राहिलं तर हात आखडतात.

किती पेशी लागतात? मोजमाप होतं सीडी-३४ या खुणेवरून. पेशंटच्या वजनाच्या दर किलोमागे निदान २० लाख, आणि मनासारखं म्हणजे ४० ते ५० लाख. ६० किलोच्या पेशंटला ५० लाखांच्या हिशेबाने ३० कोटी पेशी होतात. सीडी-३४ असलेली प्रत्येक पेशी खरी मूळपेशी नसते, खऱ्या त्यांतल्या मूठभरच. पण तो आकडा पेशी रुजण्याचा वेग चांगला सांगतो, म्हणून जगभर तोच वापरतात.

थेट मॅरो काढायचा तर दात्याला भूल देऊन कमरेच्या हाडाच्या मागच्या कडेतून सुईने ओढतात. एका वेळी साधारण ५ मिलिलिटरच. जास्त ओढलं तर मॅरोऐवजी साधं रक्त येतं आणि पेशी पातळ होतात. एक लिटर गोळा करायला अशा सुमारे २०० ओढी लागतात, पण त्वचेवर मोजकीच छिद्रं असतात, सुईची दिशा आतल्या आत बदलतात. दात्याच्या दर किलोमागे २० मिलिलिटरच्या वर जायचं नाही, हा नियम. कंबर काही दिवस दुखते, हिमोग्लोबिन थोडं उतरतं, आणि काही आठवड्यांत मॅरो पूर्ववत होतो. मॅरोत टी पेशी कमी असतात, म्हणून थॅलेसेमियासारख्या आजारात आजही अनेक डॉक्टर मॅरोच पसंत करतात, आणि ते बरोबर आहे.

तिसरा स्रोत नाळेचं रक्त. पॅरिसमध्ये १९८८ साली एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी ॲनिमिया (मॅरो निकामी करणारा जन्मजात आजार) असलेल्या मुलाला बहिणीच्या नाळेतलं रक्त देऊन हा मार्ग उघडला. जुळणी थोडी सैल चालते, पण एका नाळेत पेशी इतक्या कमी असतात की मोठ्या माणसाला त्या बऱ्याचदा पुरत नाहीत.

जागा रिकामी करणं

नवीन पेशी रुजायच्या तर मॅरोतले कोनाडे रिकामे हवेत, आणि पेशंटची जुनी प्रतिकारशक्ती इतकी दबलेली हवी की ती पाहुण्यांना हाकलून लावणार नाही. यासाठी पेशी देण्याआधीच्या आठवड्यात जे उपचार देतात त्याला कंडिशनिंग म्हणतात. संपूर्ण ट्रान्सप्लांटमधला सर्वात विषारी टप्पा हाच. ब्युसल्फान आणि सायक्लोफॉस्फामाइड, ब्युसल्फान आणि फ्लुडाराबिन, किंवा तीन दिवसांत सहा भागांत मिळून १२ ग्रे (किरणांच्या डोसचं एकक) किरणं, अशी वेगवेगळी मिश्रणं असतात. वयस्कर किंवा अशक्त पेशंटसाठी हलकी मिश्रणं असतात. त्यात जुना मॅरो पूर्ण जळत नाही, तो हळूहळू हटवायचं काम दात्याच्या टी पेशींवर सोपवलेलं असतं.

ब्युसल्फानचं वागणं माणसागणिक बदलतं. तोच डोस एकाला कमी पडतो आणि पेशी रुजत नाहीत, दुसऱ्याला जास्त होतो आणि यकृत बिघडतं. म्हणून पहिल्या डोसनंतर ठरलेल्या वेळी रक्ताचे अनेक नमुने घेऊन औषधाची पातळी काढतात आणि पुढचे डोस बदलतात. नमुना त्याच लाइनमधून घेतला जिच्यातून औषध चाललं होतं, किंवा वेळ चुकीची लिहिली गेली, तर गणितच चुकतं. या औषधाने झटकेही येऊ शकतात, म्हणून त्याच्या आधीपासून झटके रोखणारं औषध चालू असतं. सायक्लोफॉस्फामाइडने मूत्राशयातून रक्त जाऊ शकतं, म्हणून भरपूर सलाईन आणि मूत्राशय जपणारं मेस्ना हे औषध.

आणि प्रजननक्षमता. मोठ्या डोसच्या कंडिशनिंगनंतर ती बहुधा जाते. वीर्य, बीजांडं किंवा लहान मुलींच्या बाबतीत बीजांडकोशाचा तुकडा गोठवायचा निर्णय कंडिशनिंगच्या आधीच घ्यावा लागतो, बीजांडांसाठी तर दोन-तीन आठवडे हाताशी हवेत. आजाराच्या धावपळीत हा विषय मागे पडतो. डॉक्टरांनी काढला नाही तर घरच्यांनी काढावा. नंतर काहीच करता येत नाही.

पिशवी

पेशी ताज्या असतील तर त्या फ्रिजच्या तापमानात, दोन-तीन दिवसांच्या आत देतात. गोठवलेल्या असतील तर त्या द्रव नायट्रोजनच्या टाकीत उणे १५० अंशांच्याही खाली असतात. गोठवताना तापमान मिनिटाला साधारण १ अंश या संथ गतीने उतरवलेलं असतं आणि पेशींत बर्फाचे टोकदार स्फटिक होऊ नयेत म्हणून डीएमएसओ हे द्रव्य, बहुधा १० टक्के, मिसळलेलं असतं.

द्यायच्या दिवशी दोघं जण पिशवीवरचं नाव, क्रमांक, पेशंटच्या हातावरची पट्टी मोठ्याने वाचून ताडून पाहतात. पिशवी ३७ अंशांच्या पाण्यात बुडवून हलक्या हाताने हलवत राहतात. आतला दगडासारखा बर्फ दोन-चार मिनिटांत विरघळतो. आता घाई. वितळलेल्या पेशींना डीएमएसओ बाधतं, त्यामुळे एक पिशवी १०-१५ मिनिटांत आत जायला हवी. खोलीत लसणासारखा उग्र वास सुटतो. तो पेशंटच्या श्वासातून येत असतो आणि एक-दोन दिवस राहतो. घसा खवखवतो, मळमळतं, लघवी लालसर होते. या लालीचं कारण फुटलेल्या तांबड्या पेशी, म्हणून घाबरायचं नाही, पण नर्सला दाखवायचं.

दोन चुका इथे कधीच होता कामा नयेत. पेशंटच्या बाकी सगळ्या रक्तपिशव्यांना पांढऱ्या पेशी गाळणारा फिल्टर लावतात आणि त्या पिशव्यांवर किरणं देतात. सवयीने तेच या पिशवीला केलं तर सगळ्या मूळपेशी फिल्टरमध्ये अडकतील किंवा मरतील. कंडिशनिंग झालेलं असतं. मागे फिरायला वाट नसते.

हा दिवस शून्य. पुढचे दिवस अधिक एक, अधिक दोन असे मोजतात.

वाट पाहणं आणि बिघडणं

दुसऱ्या आठवड्यात रोज सकाळच्या कागदावर एकच आकडा सगळे शोधत असतात : न्यूट्रोफिल. ०, ०, २०, ०, ४०, ११०, ३८०, ५२०. सलग तीन दिवस ५०० किंवा जास्त आला तर त्यातला पहिला दिवस हा पेशी रुजल्याचा दिवस मानतात. रक्तातून गोळा केलेल्या पेशी साधारण दोन ते अडीच आठवड्यांत रुजतात, मॅरो तीन आठवड्यांच्या आसपास, नाळेचं रक्त त्याहूनही उशिरा. २८ दिवसांपर्यंत काहीच आलं नाही तर पेशी रुजल्या नाहीत असं धरून दुसऱ्या ट्रान्सप्लांटची तयारी करावी लागते.

काउंट शून्य असताना ३८ अंशांच्या वरचा ताप म्हणजे तातडी. कल्चर घेऊन तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. पू होत नाही, खोकल्यात कफ येत नाही, कारण ते बनवणाऱ्या पेशीच नसतात. म्हणून 'तसं काही दिसत नाही, सकाळपर्यंत बघू' हा विचार इथे जीव घेऊ शकतो.

पहिल्या तीन आठवड्यांत वजन दिवसातून दोनदा करतात. वजन भराभर वाढतंय, उजव्या बरगडीखाली दुखतंय आणि बिलिरुबिन २ च्या वर गेलंय, असं झालं तर यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद होत चालल्या आहेत. याला व्हीओडी म्हणतात, त्यावर डेफिब्रोटाइड हे औषध आहे आणि ते जितकं लवकर तितकं बरं. थॅलेसेमियाच्या मुलांत हा धोका जास्त, कारण वर्षानुवर्षं रक्त चढवून यकृतात लोह साठलेलं असतं. इटलीतल्या पेसारोच्या गटाने पूर्वीच दाखवलं आहे की वाढलेलं यकृत, यकृतातला फायब्रोसिस आणि लोह काढणारं औषध अनियमित घेतलेलं असणं, या तीन गोष्टींवर मुलाचं ट्रान्सप्लांट कसं पार पडेल हे बरंच ठरतं. लोह काढणारी गोळी वेळेवर घेणं ही ट्रान्सप्लांटची तयारीच आहे, मग ट्रान्सप्लांट पाच वर्षांनी होणार असलं तरी.

दुसऱ्याच्या पेशींमध्ये खरी लढाई जीव्हीएचडीची, म्हणजे दात्याच्या टी पेशींनी पेशंटच्या शरीरावर केलेल्या हल्ल्याची. तीव्र प्रकार बहुधा पहिल्या १०० दिवसांत दिसतो, आणि त्याची ठिकाणं तीन : त्वचा, आतडं, यकृत. तळहात, तळपाय आणि कानामागे लालसर पुरळ येणं ही पहिली खूण असू शकते. जुलाब किती झाले यापेक्षा दिवसभरात किती मिलिलिटर झाले हे मोजतात, कारण तीव्रता त्यावर ठरते. जुनाट प्रकार नंतर येतो : डोळे कोरडे, तोंड कोरडं, त्वचा ताठ, आणि सर्वात वाईट म्हणजे फुप्फुसं आखडणं.

जीव्हीएचडी टाळायला सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध महिनोन्‌महिने चालतं. या औषधाची पातळी बघायच्या सकाळी गोळी रक्त दिल्यानंतर घ्यायची. आधी घेतली तर पातळी खोटी जास्त दिसते आणि डोस उगाच कमी केला जातो. बुरशीसाठीची व्होरिकोनाझोलसारखी औषधं ही पातळी खूप वाढवतात, त्यामुळे ती बंद केल्यावर डोस पुन्हा बघावा लागतो. घरी गेल्यावर होणाऱ्या बिघाडांत ही गल्लत वारंवार दिसते.

पण त्याच टी पेशी ल्युकेमियाच्या उरल्यासुरल्या पेशींनाही मारतात. जुळ्या, हुबेहूब भावंडाच्या पेशी दिल्या तर जीव्हीएचडी जवळजवळ नसतो, पण ल्युकेमिया परत यायचं प्रमाण जास्त असतं. म्हणजे कॅन्सरमध्ये थोडा संघर्ष उपयोगाचा. थॅलेसेमिया, सिकल सेल (तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणारा आजार) किंवा जन्मजात प्रतिकारशक्तीच्या आजारात मात्र त्याचा काडीचाही फायदा नाही, फक्त नुकसान. जीन थेरपी आधी याच आजारांसाठी पुढे आली, त्याचं कारण हे.

पेशंटच स्वतःचा दाता

मूळपेशी पेशंटच्या स्वतःच्याच, फक्त त्यांच्यातलं जनुक दुरुस्त केलेलं. दाता शोधायला नको, जीव्हीएचडी नाही, वर्षभर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या नाहीत. आणि सगळ्या पेशी दुरुस्त व्हायची गरजही नसते. थॅलेसेमियात दात्याच्या २०-३० टक्के पेशीच मॅरोत रुजल्या तरी रक्त चढवणं थांबू शकतं, कारण आजारी पेशींच्या लेकी मॅरोतच मरतात आणि निरोगी पेशींच्या लेकी रक्तात पोचतात. दुरुस्त पेशींनाही हाच फायदा मिळतो.

पहिला मोठा प्रयत्न पॅरिसमध्ये ॲलां फिशर आणि मारिना कावात्सना यांच्या गटाने केला. प्रतिकारशक्तीच नसलेल्या बाळांच्या मूळपेशींत गॅमारेट्रोव्हायरसने हवं ते जनुक टाकलं. बाळं बरी झाली, २००० साली जगाला ते कळलं, आणि पुढच्या काही वर्षांत त्यांतल्या काहींना ल्युकेमिया झाला. हा व्हायरस जनुकांच्या सुरुवातीच्या भागाजवळ बसायला बघतो, आणि त्याच्यातलं जोरदार स्विच शेजारच्या एलएमओ-२ या जनुकाला कायमचं चालू करून बसलं होतं. त्यातून धडा घेऊन लेंटिव्हायरस आले, ज्यांतलं हे स्विच काढून टाकलेलं असतं. पण जनुकाबरोबर जोरदार स्विच आत गेलं तर धोका परततो : मेंदूच्या ॲड्रेनोल्यूकोडिस्ट्रॉफीसाठीच्या उपचारात ६७ पैकी ७ मुलांना रक्ताचा कॅन्सर झाल्याचं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं.

दुसरा रस्ता जनुक टाकण्याऐवजी कापण्याचा. बाळ पोटात असताना त्याचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, आणि जन्मानंतर काही महिन्यांत बीसीएल-११ए हे जनुक ते बंद करतं. सिकल सेल आणि बीटा थॅलेसेमियात बिघाड मोठेपणीच्या हिमोग्लोबिनात असतो, बाळपणीचं चांगलंच असतं. क्रिस्पर या जनुकं कापणाऱ्या कात्रीने बीसीएल-११ए चं तांबड्या पेशींपुरतं चालणारं स्विच तोडलं की बाळपणीचं हिमोग्लोबिन परत सुरू होतं. रोगाचं जनुक तसंच राहतं, त्याला हातही लागत नाही. या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये परवानगी दिली. चाचणीत सिकल सेलच्या ३१ पैकी २९ जणांना सलग १२ महिने तीव्र वेदनेचा झटका आला नाही, आणि थॅलेसेमियाच्या ३५ पैकी ३२ जणांचं रक्त चढवणं थांबलं.

आता प्रत्यक्ष कसं होतं ते बघा. सिकल सेल असेल तर पेशी काढण्याआधी किमान दोन महिने रक्त बदलून सिकल हिमोग्लोबिन ३० टक्क्यांच्या खाली ठेवतात. पेशी बाहेर काढायला जी-सीएसएफ वापरायचं नाही, त्याने पांढऱ्या पेशी इतक्या वाढतात की जीवघेणा झटका येऊ शकतो. फक्त प्लेरिक्साफोर. आणि पेशी खूप लागतात, दर किलोमागे किमान २ कोटी, कारण वेगळं करताना, कापताना, गोठवताना निम्म्याहून जास्त गमावल्या जातात. त्यामुळे ॲफेरेसिसच्या दोन-तीन फेऱ्या, मधे महिन्याचं अंतर. शिवाय दर किलोमागे २० लाख न बदललेल्या पेशी हॉस्पिटलमध्येच राखून ठेवतात. दुरुस्त पेशी रुजल्या नाहीत तर जीव वाचवायला त्याच असतात.

प्रयोगशाळेत चुंबकीय मण्यांनी सीडी-३४ पेशी वेगळ्या काढतात आणि वाढीच्या द्रव्यात जेमतेम दोन-तीन दिवस ठेवतात. झोपलेल्या पेशीत बदल करणं कठीण म्हणून तिला जागं करावं लागतं, पण जास्त वेळ जागी राहिली तर ती मूळपेशी राहतच नाही. सगळी कसरत या दोन-तीन दिवसांची. मग विजेच्या हलक्या धक्क्याने पेशीच्या भिंतीला क्षणभर छिद्रं पाडून क्रिस्परची कात्री आत सोडतात. नंतर गोठवणं आणि तपासण्या : जंतू नाहीत ना, जिवंत किती, बदल किती टक्के पेशींत झाला. काढल्यापासून परत येईपर्यंत सहा महिनेही जातात. पेशी हॉस्पिटलच्या टाकीत पोचल्या, कागद ताडून झाले, की मगच ब्युसल्फानचा पहिला थेंब द्यायचा.

हो, ब्युसल्फान. स्वतःच्याच पेशी असल्या तरी कोनाडे रिकामे करावेच लागतात. तोंड सोलणं, केस जाणं, काउंट शून्य, यकृताचा धोका, प्रजननक्षमता गमावणं हे सगळं जीन थेरपीतही तसंच आहे. 'फक्त एक इंजेक्शन' असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. मरण पावणाऱ्या मॅरोच्या जागी दुरुस्त मॅरो बसवणं हेच तिचं स्वरूप आहे, आणि क्रिस्परच्या उपचारात प्लेटलेट वर यायला तर नेहमीपेक्षाही वेळ लागू शकतो.

म्हणून आज सर्वात आशेचं संशोधन मला कात्रीपेक्षा कंडिशनिंगमध्ये दिसतं. मूळपेशींच्या अंगावर सीडी-११७ ही खूण असते. त्यावर नेमकं बसणारं प्रतिद्रव्य दिलं तर मूळपेशी कोनाडा सोडतात आणि यकृत, केस, बीजांडकोश यांना धक्का लागत नाही. प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांमध्ये त्याच्या चाचण्या झाल्या आहेत. दुसरीकडे पेशी बाहेर न काढताच, रक्तातून औषध सोडून मॅरोतच जनुक बदलता येईल का, यावर प्राण्यांमध्ये काम चालू आहे. तोपर्यंत प्रत्येक पेशंटची १५ वर्षं तपासणी चालते : दर भेटीला काउंट, बदललेल्या पेशींचं प्रमाण, आणि व्हायरस वापरला असेल तर तो कुठे बसला आहे आणि त्यातल्या एखाद्याच पेशीची वंशावळ इतरांपेक्षा भराभर वाढू लागली आहे का, याची नोंद.